सहा टक्के टीओसीचा शेल मागे आणि दोन टक्क्यांचा पुढे, असं का?

स्तरवेडा (धागाकर्ता)

प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या एका मुलीने गेल्या आठवड्यात दोन शेलच्या (म्हणजे चिखल साचून बनलेल्या बारीक कणांच्या खडकांच्या) अहवालाचा कच्चा मसुदा माझ्या टेबलावर ठेवला. एका शेलपुढे तिने 'उत्कृष्ट' लिहिलं होतं, दुसऱ्यापुढे 'निकामी'. पुस्तकातला तक्ता समोर ठेवून लिहिलं होतं आणि तक्ता चुकीचा नव्हता. तरीही वायूच्या शोधासाठी यातला कुठला शेल आधी तपासायचा असं मला कुणी विचारलं असतं, तर मी 'निकामी'वर बोट ठेवलं असतं. तिला समजावताना मलाच बरंच काही नव्याने मांडावं लागलं, म्हणून हा धागा. आकडे उदाहरणापुरते गोल केले आहेत.

शेल 'क': टीओसी ६.० टक्के, एस-१ ०.९, एस-२ ३९, टी-मॅक्स ४२२ अंश सेल्सिअस, हायड्रोजन इंडेक्स ६५०.

शेल 'ख': टीओसी २.१ टक्के, एस-१ ०.२, एस-२ ०.८, टी-मॅक्स भरवशाचा नाही, हायड्रोजन इंडेक्स ३८, व्हिट्रिनाइट परावर्तन १.७ टक्के.

ज्यांना या अक्षरांची सवय नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टीओसी म्हणजे खडकातला एकूण सेंद्रिय कार्बन, वजनाच्या टक्केवारीत. बाकीचे आकडे रॉक-इव्हल यंत्रातून येतात. खडकाची चिमूटभर पूड, १०० मिलिग्रॅमच्या आतबाहेर, छोट्या मुशीत भरून ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत जाते. आधी ३०० अंशांवर थोडा वेळ थांबायचं. खडकात अगोदरच तयार होऊन बसलेले हायड्रोकार्बन इथे उडून जातात, ते एस-१. मग मिनिटाला २५ अंश या गतीने तापमान ६५० पर्यंत चढवायचं. आता केरोजेन तुटायला लागतं. केरोजेन म्हणजे नेहमीच्या सेंद्रिय द्रावकांत न विरघळणारं, खडकाला चिकटून बसलेलं घट्ट सेंद्रिय द्रव्य. ते तुटून जे हायड्रोकार्बन निघतात ते एस-२. दोन्ही आकडे ग्रॅमभर खडकामागे किती मिलिग्रॅम असे मोजतात. पडद्यावर रेघ आधी एक लहानशी उसळी घेते, खाली येते, मग सावकाश मोठा डोंगर चढते. त्या डोंगराचं शिखर सांगतं तो टी-मॅक्स. जमिनीखाली खडक जितका जास्त तापून निघालेला असतो, तितकं त्यातलं उरलेलं केरोजेन चिवट होतं आणि शिखर उजवीकडे सरकतं. एस-२ ला टीओसीने भागून १०० ने गुणलं की हायड्रोजन इंडेक्स मिळतो.

तेल तयार व्हायला टी-मॅक्स साधारण ४३५ च्या पुढे असावा लागतो. 'क' ४२२ वर आहे. म्हणजे माल भरपूर, पण अजून कच्चा. एस-१ आणि एस-२ यांची बेरीज करून त्यात एस-१ चा वाटा बघा, जेमतेम २ टक्के. या शेलने अजून काही केलेलंच नाही. 'ख' मात्र १.७ परावर्तनाला पोचलाय. खडकातले व्हिट्रिनाइट नावाचे सेंद्रिय कण किती उजेड परत फेकतात ते हे माप, खडक जितका तापलेला तितकं ते जास्त. ०.६ ते १.३ हा तेलाचा टप्पा आणि १.३ ते २.० हा ओल्या वायूचा आणि कंडेन्सेटचा (वायूसोबत येणाऱ्या हलक्या तेलाचा), असं ढोबळमानाने धरतात. 'ख' ने त्याच्याजवळ होतं ते देऊन टाकलेलं आहे. हायड्रोजन इंडेक्स ३८ हे त्या देण्याचं लक्षण आहे, मुळात तो वांझ होता असा त्याचा अर्थ नव्हे.

तुम्ही असे तक्ते वाचता तेव्हा आधी कुठल्या आकड्याकडे बघता? आणि कुठे फसलात?

साधी_वाचक

मी या क्षेत्रातली नाही, पण धागा उतरला डोक्यात. एक अडलं. 'क' मध्ये तेल तयारच झालेलं नाही म्हणता, मग भट्टीत एस-२ चे ३९ मिलिग्रॅम कुठून निघाले? आणि 'ऑइल शेल' म्हणतात तो हाच का?

स्तरवेडा

ताई, प्रश्न अगदी मर्मावर आहे. ते ३९ भट्टीने तयार केले. निसर्ग जे लाखो-कोटी वर्षांत सावकाश करतो ते आपण जास्त तापमान देऊन पाऊण तासाच्या आत करून घेतो. म्हणून एस-२ म्हणजे 'अजून देऊ शकेल इतकं', आणि एस-१ म्हणजे 'आज आत आहे इतकं'.

आणि हो, ऑइल शेल तो हाच. नावात फार गोंधळ आहे. ऑइल शेल हा कच्चा खडक, त्यात केरोजेन आहे पण तेल नाही. तो खणून भट्टीत तापवावा लागतो, किंवा जागेवरच तापवावा लागतो. अमेरिकेतला ग्रीन रिव्हर फॉर्मेशनचा खडक याचं मोठं उदाहरण. इओसीन काळातल्या सरोवरांच्या तळाशी साचलेला, शैवालाने गच्च भरलेला, पण पुरेसा खोल कधी गाडलाच न गेलेला. एस्टोनियात असाच कुकरसाइट नावाचा खडक थेट जाळून वीज करत आले आहेत. शेल ऑइल ही वेगळी गोष्ट. तिथे खडक पक्व झालाय, तेल तयार होऊन शेलमध्येच किंवा त्याला लागून असलेल्या घट्ट थरात अडकलंय, आणि ते विहिरीतून काढतात. बातम्यांमध्ये हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात तेव्हा साठ्यांचे आकडे सगळेच बिघडतात.

ग्रॅप्टोलाइट

'ख' ची बाजू आकड्यांनीच मांडतो.

हायड्रोकार्बनमध्ये वजनाने साधारण ८३ टक्के कार्बन असतो. म्हणून हायड्रोजन इंडेक्सला १२०० ने भागलं की टीओसीतला किती भाग तेल-वायू होऊन बाहेर पडू शकतो ते कळतं. 'ख' सागरी शेल आहे, टाइप २ केरोजेनचा, असं धरू आणि सुरुवातीचा इंडेक्स ५०० मानू. म्हणजे मूळ कार्बनातला सुमारे ४२ टक्के जाणारा आणि ५८ टक्के राहणारा. आज २.१ पैकी जाणारा जवळपास संपलाय, २.०३ हा न जाणारा भाग आहे. २.०३ भागिले ०.५८ केलं की मूळ टीओसी येतो ३.५ टक्के. मूळ एस-२ होता ग्रॅमला साडेसतरा मिलिग्रॅमच्या घरात, आज उरलाय ०.८. मधले सोळा-सतरा मिलिग्रॅम या खडकाने तयार केले.

हा हिशोब ढोबळ आहे. तेल फुटून वायू होताना काही कार्बन कोळशासारखा मागे राहतो, तो यात धरलेला नाही. आणि सुरुवातीचा ५०० हा आकडा आपण मानलेला आहे. तो पारखायचा असेल तर त्याच थराचा कमी खोलीवरचा, कच्चा राहिलेला नमुना शोधावा. खोऱ्याच्या कडेला असा नमुना बहुतेक वेळा सापडतो. मी तर म्हणेन, तो मिळेपर्यंत मूळ टीओसीचा एकच आकडा देऊ नये, पट्टा द्यावा.

दुसरं, व्हिट्रिनाइटबद्दल. व्हिट्रिनाइट येतं जमिनीवरच्या झाडांच्या लाकडी भागातून. जमिनीवर झाडं फोफावण्याआधीच्या खडकात ते असणारच नाही. कँब्रियन, ऑर्डोव्हिशियन शेलच्या अहवालात 'व्हिट्रिनाइट परावर्तन' असा रकाना भरलेला दिसला की मी आधी विचारतो, नक्की काय मोजलंत? बहुधा घट्ट, डांबरासारखं बिटुमेन मोजलेलं असतं, किंवा ग्रॅप्टोलाइट या नामशेष झालेल्या सागरी जिवांच्या कवचाचे तुकडे. ते मोजणं चूक नाही, पण ते आकडे व्हिट्रिनाइटच्या मापात बदलून घ्यावे लागतात. चीनमधल्या सिचुआन खोऱ्यातला लोंगमाशी शेल हा असाच ग्रॅप्टोलाइटने भरलेला जुना खडक आहे, आणि त्यातून आज वायू निघतोय. माझ्या टोपणनावाचं मूळही तिथेच आहे.

दगडी_पाटी

वाचतोय. धागाकर्त्यांनी टी-मॅक्सवरून परावर्तन काढायचं सूत्रही द्यावं.

स्तरवेडा

सर्रास वापरतात ते असं: टी-मॅक्सला ०.०१८० ने गुणा आणि त्यातून ७.१६ वजा करा. ४४५ असेल तर ०.८५ येतं. पण हे मुळात टेक्ससमधल्या बार्नेट शेलसारख्या कमी गंधकाच्या टाइप २ केरोजेनवरून बसवलेलं आहे. गंधक जास्त असलेलं केरोजेन कमी तापमानालाच तेल द्यायला लागतं, आणि सरोवरातल्या टाइप १ चा टी-मॅक्स बराच काळ जागचा हलतच नाही. दोन्हीकडे हे सूत्र दगा देतं. एस-२ अगदी कमी असेल तर डोंगर पसरट होतो आणि शिखर कुठे धरायचं तेच कळत नाही. 'ख' चा टी-मॅक्स मी दिला नाही तो त्यामुळेच.

उत्खनक

कुठे फसलात विचारलंत, तर माझी गोष्ट ऐका.

माझी बरीच वर्षं विहिरीवर गेली. एकदा शेलच्या कटिंग्जमध्ये (विहीर खोदताना वर येणाऱ्या खडकाच्या तुकड्यांत) एस-१ चे आकडे असे आले की सगळ्यांचे डोळे चमकले. एस-१ भागिले टीओसी गुणिले १०० हे गुणोत्तर १०० च्या पुढे गेलं की खडकातलं तेल केरोजेनच्या पकडीतून सुटून वाहू शकेल अशी आशा धरतात. आमचं तर कितीतरी पुढे गेलेलं. मी कटिंग्जची पिशवी उघडून नाकाशी नेली आणि डिझेलचा वास आला. विहिरीत तेलावर आधारलेला मड (खोदताना आत फिरवतात तो चिखलासारखा द्रव) वापरला होता आणि नमुने नुसत्या पाण्याने धुतले होते. एस-२ च्या डोंगरालाही डाव्या बाजूला खांदा आलेला, त्यामुळे टी-मॅक्स खरा होता त्याहून कमी दिसत होता. म्हणजे एकाच चुकीने खडक श्रीमंतही झाला आणि कच्चाही.

नमुने द्रावकाने नीट धुऊन पुन्हा चालवले. एस-१ जवळपास झोपला, टी-मॅक्स वर सरकला. ज्यांनी पहिल्या आकड्यांवर सादरीकरण केलं होतं त्यांना ते मागे घ्यायला सांगताना मला जे वाटलं ते अजून आठवतं. चूक कुणाची हे महत्त्वाचं नाही, पण तेव्हापासून मडमध्ये काय-काय टाकलं याची रोजची नोंद हातात आल्याशिवाय मी एस-१ कडे बघत नाही. गिल्सोनाइट (नैसर्गिक डांबर), लिग्नाइट, गळती बुजवायला टाकलेला अक्रोडाच्या टरफलांचा चुरा, हे सगळं टीओसीत मोजलं जातं. वरच्या थरांतून ढासळून खाली आलेले तुकडे वेगळेच. सूक्ष्मदर्शकाखाली बसून हव्या त्या थराचे तुकडे चिमट्याने वेचायला वेळ लागतो, पण माझ्या लेखी त्या कामाला पर्याय नाही.

उलटंही होतं. गाभ्याचा (विहिरीतून सलग दांड्यासारखा कापून काढलेल्या खडकाचा) नमुना महिनोन्महिने उघडा पडला की हलके हायड्रोकार्बन उडून जातात आणि एस-१ खऱ्यापेक्षा कमी येतो. टेकडीच्या उताराला उघडा पडलेला खडक तर पावसापाण्याने आणि हवेने इतका झिजलेला असतो की टीओसी आणि एस-२ दोन्ही घटलेले असतात. वरचा भुसभुशीत भाग खणून टाका आणि आतला ताजा, टणक खडक घ्या.

स्तरवेडा

उत्खनक सर, हे छापून भिंतीवर लावावं असं आहे. प्रयोगशाळेच्या बाजूची त्यात एक भर: टीओसी मोजण्याआधी पूड हायड्रोक्लोरिक आम्लात टाकून चुनखडीचा कार्बन घालवावा लागतो. बुडबुडे थांबले म्हणजे काम झालं असं समजू नका, डोलोमाइट थंड आम्लात फार हळू विरघळतं. ते राहून गेलं तर त्याचा कार्बन सेंद्रिय म्हणून मोजला जातो.

अभ्रक

इथवरची चर्चा सेंद्रिय भागाची झाली. मला शेलच्या उरलेल्या ९५ टक्क्यांबद्दल बोलायचंय, कारण वायू आत असणं आणि तो बाहेर येणं यांच्या मधे खनिजं उभी आहेत.

शेलची पार्यता, म्हणजे त्यातून द्रव-वायू किती सहज वाहतो ते, नॅनोडार्सीत मोजतात. चांगल्या वालुकाश्माच्या तुलनेत ती लाखो पटींनी कमी. उच्च दाबाने पाणी सोडून खडक फोडल्याशिवाय त्यातून काही येत नाही. तो फुटेल का हे ठरतं क्ष-किरण विवर्तनाने मोजलेल्या खनिजांवर. क्वार्ट्झ आणि कार्बोनेट जास्त असतील तर खडक काचेसारखा तडकतो आणि भेगा टिकतात. चिकणखनिजं जास्त असतील तर तो दबतो, भेगा मिटतात, आणि भेग उघडी राहावी म्हणून घातलेली वाळू मऊ भिंतींत रुतून बसते. चिकणखनिजं ४० टक्क्यांच्या वर गेली की मी सावध होतो.

इथे एक सुंदर गोष्ट आहे. क्वार्ट्झ कुठून आलं हेही बघावं लागतं. नदीने वाहून आणलेली वाळू असेल तर जिथे क्वार्ट्झ वाढतं तिथे सेंद्रिय कार्बन सहसा घटतो. पण रेडिओलेरियासारख्या सूक्ष्म जिवांची आणि स्पंजांची सिलिका असेल तर दोन्ही बरोबरीने वाढतात. ज्या पाण्याने अन्न पुरवून जीव वाढवले त्याच पाण्याने तळाला कार्बनही दिला आणि खडकाला कणखरपणाही. पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि काळ्या पार्श्वभूमीवर ते गोल गोल सांगाडे दिसले, की मला तक्त्यापेक्षा जास्त कळतं.

आता छिद्रं. नमुन्याचा पृष्ठभाग अर्गॉन आयनांनी गुळगुळीत करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की पक्व शेलमधल्या केरोजेनला जाळी पडलेली दिसते, नॅनोमीटरमध्ये मोजण्याची भोकं. केरोजेनमधून तेल-वायू निघून गेला त्याच्या या खुणा. कच्च्या शेलमध्ये ती क्वचितच दिसतात. म्हणजे 'ख' मध्ये आधीचा कार्बन गेला त्या जागेचाच काही भाग आज वायूला राहायला मिळालाय. शिवाय केरोजेन हलकं असतं, त्यामुळे वजनाने २ टक्के असलेलं सेंद्रिय द्रव्य आकारमानाने त्याच्या दुपटीच्या आसपास जागा व्यापतं.

वायू दोन तऱ्हांनी राहतो. छिद्रांत मोकळा, आणि केरोजेनच्या पृष्ठभागाला चिकटलेला. चिकटलेला किती ते लँगम्युअर वक्रावरून काढतात. दाब वाढत गेला की चिकटलेला वायू एका मर्यादेला थांबतो, मोकळा वाढत राहतो. म्हणून खोल शेलमध्ये छिद्रांचं मोजमाप महत्त्वाचं आणि उथळ शेलमध्ये चिकटलेल्या वायूचं.

साधी_वाचक

मग वायू किती आहे ते थेट मोजता येत नाही का?

अभ्रक

येतं, पण त्यातही एक भोक आहे. गाभा वर आला की ताबडतोब हवाबंद डब्यात बंद करतात, डबा खडकाच्या मूळ तापमानाला ठेवतात आणि दिवसेंदिवस निघणारा वायू मोजतात. शेवटी खडक दळून उरलेला काढतात. पण गाभा खालून वर येताना जो वायू निसटला तो मोजणारं कोणी नसतं. तो सुरुवातीच्या काही तासांच्या वक्रावरून मागे ओढून अंदाजाने धरतात. दाब जास्त आणि गाभा वर यायला वेळ जास्त, तर हा अंदाजाचा वाटा मोजलेल्या वायूएवढा किंवा त्याहून मोठा होऊ शकतो. अहवालात तो वेगळा दाखवलेला नसेल तर मागून घ्या.

निळीशाई

मी इतिहासाच्या बाजूने लिहिते.

शेलमधून वायू ही काही आजची गोष्ट नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रेडोनियात १८२१ साली डेव्होनियन शेलमधून वायू काढून दिवे लावले होते. पण शेलला स्वतःचा साठा म्हणून गंभीरपणे बघितलं गेलं ते टेक्ससमधल्या बार्नेटपासून. जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने तिथे १९८१ साली पहिली विहीर घेतली आणि फायदेशीर पद्धत हाती यायला १९९० च्या दशकाचा शेवट उजाडला. इतकी वर्षं खडक तोच होता.

उलट दिशेची दोन उदाहरणं मला फार महत्त्वाची वाटतात. कॅलिफोर्नियातला माँटेरे शेल. जाड, सेंद्रिय द्रव्याने समृद्ध, त्या राज्यातल्या बऱ्याचशा तेलाचा उगम. २०११ साली अमेरिकी ऊर्जा माहिती प्रशासनाने प्रसिद्ध केलेल्या अंदाजात त्यातून काढता येण्याजोगं तेल १५.४ अब्ज बॅरल होतं. २०१४ साली तोच अंदाज ०.६ अब्जांवर आला. तिथले थर भूहालचालींनी वळ्या पडून, तुटून गेलेले आहेत आणि पुष्कळ तेल आधीच शेल सोडून इतर साठ्यांत गेलेलं आहे. टीओसी उत्तम असूनही.

दुसरं पोलंड. त्याच प्रशासनाचा २०११ चा अंदाज ५.३ लाख कोटी घनमीटर वायूचा होता. २०१२ मध्ये पोलिश भूवैज्ञानिक संस्थेने जुन्या विहिरींच्या नोंदी बसून तपासल्या आणि ३४६ ते ७६८ अब्ज घनमीटर हा जास्त संभाव्य पट्टा दिला. त्यानंतर विहिरी खोदल्या गेल्या, परदेशी कंपन्या एकेक करून निघून गेल्या. व्यापारी उत्पादन सुरू झालंच नाही.

दोन्हीकडे मोठा आकडा आला तो क्षेत्रफळ गुणिले जाडी गुणिले दुसऱ्याच खोऱ्यातलं उत्पादन, अशा गुणाकारातून. आपल्या खडकाचा एकही गाभा न तपासता बार्नेटचं यश त्याच्यावर चिकटवायचं, याला मी मूल्यमापन म्हणणार नाही.

ग्रॅप्टोलाइट

निळीशाई, +१. आणि उत्तर अमेरिकेतलं बकेन हे तेलाचं फॉर्मेशन विसरू नका. तिथे वरखाली काळे शेल आहेत, पण आडव्या विहिरी मुख्यतः घेतल्या त्या मधल्या डोलोमाइटी गाळाश्मात. टीओसीच्या क्रमाने थर लावले असते तर तो मधला थर सगळ्यात खाली गेला असता.

दगडी_पाटी

विहिरीचे जुने लॉग (आत उपकरण सोडून खोलीनुसार घेतलेल्या मोजमापांच्या नोंदी) आहेत पण गाभा नाही, अशा वेळी काय करता?

स्तरवेडा

जुने लॉग म्हणजे खजिना आहे. सेंद्रिय शेलमध्ये बऱ्याचदा युरेनियम साचलेलं असतं, त्यामुळे गॅमा किरणांचा लॉग उसळतो. पण सरोवरातल्या शेलमध्ये युरेनियम नसूही शकतं, त्यामुळे एकट्या गॅमावर विसंबू नका. १९९० साली पासी आणि सहकाऱ्यांनी मांडलेली रीत सगळ्यात कामाची. ध्वनिवेगाचा आणि विद्युत रोधकतेचा लॉग एकावर एक अशा रीतीने ठेवायचे की सेंद्रिय द्रव्य नसलेल्या साध्या शेलमध्ये दोन्ही रेषा जुळतील. जिथे रेषा फाकतील तिथे सेंद्रिय द्रव्य आहे. फाकण्याच्या रुंदीवरून टीओसी काढता येतो, पण त्यासाठी पक्वता ठाऊक असावी लागते. ती चुकली की टीओसी चुकला. जवळच्या विहिरीतल्या निदान मूठभर कटिंग्ज मिळवून रेषा त्यांच्याशी जुळवून घ्या. आणि साध्या शेलची जोडरेषा कुठे धरली ते अहवालात लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला तपासता येईल.

साधी_वाचक

इतकं वाचल्यावर एक सुचवू का? त्या मुलीची चूक मला चूक वाटतच नाही. तक्त्यात रकान्याचं नावच 'टीओसी' आहे. वाचणारा त्याला खडकाचा गुण समजणार. तो आज उरलेला आकडा आहे हे रकान्यात लिहिलेलंच नाही.

स्तरवेडा

ताई, तुमचा प्रतिसाद काल प्रयोगशाळेत वाचून दाखवला. आमच्या तक्त्यात आता 'आजचा टीओसी' आणि 'आजचा हायड्रोजन इंडेक्स' असं लिहिलंय, शेजारी 'मूळ, अंदाजे पट्टा' असा नवा रकाना आहे आणि त्याच्या आधी पक्वतेचा. 'उत्कृष्ट' आणि 'निकामी' हा रकाना काढून टाकला. तो त्या मुलीनेच काढला. 'ख' च्या खोऱ्याच्या कडेला १९७० च्या दशकातली एक उथळ विहीर तिला नोंदींमध्ये सापडली आहे, कटिंग्ज अजून गोदामात आहेत. त्या मागवल्या आहेत. उत्खनक सर, मडची नोंद मिळते का तेही विचारलंय.